हँडल लॉक, हेल्मेट आणि चोराचा दात!

बाईक स्टँडवर घ्या, हँडल डावीकडे वळवा, चावी फिरवा. ‘खट्’ आवाज आला? शाब्बास! आता निवांत वाचा. आज बाईकचोर, बाईकमालक आणि कायद्याची कलमं अशी ट्रिपल सीट राइड आहे. घट्ट धरून बसा!

मास्टर की नको, काडेपेटी आण!

माहीत आहे का, पेट्रोलवर चालणाऱ्या पहिल्या मोटारसायकलला चावीच नव्हती? १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी ‘राइटवागन’ बनवली. सांगाडा लाकडी! इंजिनातली एक नळी ज्योतीवर तापवायची, तेव्हा कुठे गाडी धगधगायची. चोर आलाच असता, तर आधी काडी ओढत बसला असता. वर दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं. म्हणजे पळताना पठ्ठ्या बालवाडीतल्या सायकलवरच्या बंड्यासारखा दिसला असता!

हेल्मेट घाला, चोर पळवा

हा या लेखातला सुपरहिट आयटम. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये विनाहेल्मेट दुचाकीस्वाराला जागेवरच दंड सुरू झाला. हेतू काय? डोकी वाचवणं. झालं काय? गाड्याही वाचल्या! १९८० मध्ये वर्षाला सुमारे दीड लाख दुचाकी चोरीला जात होत्या. १९८६ मध्ये आकडा ५४ हजारांच्या आसपास आला.

कारण भन्नाट आहे. ‘दिसली गाडी, उचलली’ छापाचा चोर घरून हेल्मेट घेऊन निघत नाही. विनाहेल्मेट निघाला, की पहिल्याच चौकात शिट्टी! रोनाल्ड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. हे चोर सायकलींकडे किंवा मोटारींकडे वळले का, तेही तपासलं. फारसे वळले नव्हते. हेल्मेटसक्ती म्हटलं की मोर्चा काढणाऱ्या पुणेकरांनो, ऐकताय ना?

लपवलेलं यंत्र, सगळ्यांचं भलं

चोराला सगळ्यात जास्त भीती कशाची? दिसत नाही त्याची! अमेरिकेत ‘लोजॅक’ नावाचं ट्रॅकर यंत्र गाडीत लपवून बसवतात. बाहेरून काहीच कळत नाही. अर्थतज्ज्ञ इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ मध्ये गणित मांडलं, की या यंत्राच्या फायद्यातला दहावा हिस्साही ते विकत घेणाऱ्याला मिळत नाही. बाकीचा शहरातल्या इतर गाड्यांना फुकट! कुठल्या गाडीत यंत्र आहे हे कळत नाही म्हटल्यावर चोर सगळ्यांनाच बिचकतो. तेव्हा सोसायटीत कुणी जीपीएस बसवला, तर त्याला चहा पाजा. पैसे त्याचे, पहारा तुमचाही.

आय, ओ, क्यू: नो एंट्री

तुमच्या गाडीचा चासी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजीतली तीन अक्षरं कधीच येत नाहीत, माहीत आहे का? आय, ओ आणि क्यू! एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून त्यांना कायमचा नारळ दिलाय. भारतात बनलेल्या दुचाकीच्या नंबराची सुरुवात सहसा ‘एम’नं होते. बजाजच्या गाड्यांवर ‘एमडी२’ शोधा, हीरोच्या गाड्यांवर ‘एमबीएल’. सेकंडहँड गाडी बघायला गेलात आणि चासी नंबरात ‘ओ’ दिसला, तर ओ म्हणायलाही थांबू नका. सुटा!

घासला तरी उगवतो

चोर ग्राइंडर लावून चासी नंबर घासतो आणि खूश होतो. बिचारा! नंबर ठोकताना अक्षराखालचा धातूही आतपर्यंत दाबला जातो, त्याची ठेवण बदलते. वरचा थर गेला, तरी खालची खूण राहते. फॉरेन्सिकवाले ती जागा गुळगुळीत करतात, रसायनात बुडवलेला कापसाचा बोळा हलक्या हातानं फिरवत राहतात. दाबलेला धातू आणि साधा धातू वेगवेगळ्या वेगानं झिजतात, आणि चकचकीत पत्र्यावर हळूहळू एक ३ दिसतो, मग ७... लगेच फोटो! कारण आलेला आकडा पुन्हा विरूही शकतो. ग्राइंडरवाल्याची मेहनत पाण्यात. सॉरी, ॲसिडमध्ये!

दोन सेंटीमीटरचं चक्र

नवी एचएसआरपी नंबरप्लेट जवळून पाहिलीत का? वरच्या डाव्या कोपऱ्यात निळसर अशोकचक्राचा होलोग्राम: २० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद. त्याच्याखाली निळ्या रंगात ‘आयएनडी’. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक लेझरनं कोरलेला १० आकडी-अक्षरी क्रमांक, जो दुसऱ्या कुठल्याच प्लेटवर नसतो. प्लेट बसते ती स्नॅप लॉकनं. हे लॉक काढलं की तुटतं, पुन्हा बसत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही प्लेट सक्तीची आहे. ‘दादा’, ‘बाबा’, ‘आई’ असं वाचता येणाऱ्या फॅन्सी आकड्यांचे दिवस संपले!

बिस्किट दाखवलं, चोरी झाली

आता गिअर बदलू, कायद्याच्या घाटात शिरू. चोरी नेमकी कुठल्या क्षणी होते, माहीत आहे का? गेटबाहेर गेल्यावर? छे! घ्यायच्या इराद्यानं वस्तू हलवली, की झाली. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे बीएनएसमध्ये, कलम ३०३ खाली दिलेलं उदाहरण बघा: एकानं खिशात कुत्र्याला आवडेल असा खाऊ ठेवला आणि दुसऱ्याचा कुत्रा त्याच्या मागे चालू लागला. कुत्र्यानं पाऊल उचललं त्या क्षणी चोरी पूर्ण! हे उदाहरण १८६० च्या जुन्या दंड संहितेतून जसंच्या तसं आलंय. मालक बदलले, सरकारं बदलली, कुत्रा तिथंच.

‘फक्त एक राउंड मारून आणतो’

मित्राला न विचारता त्याची बुलेट नेली, संध्याकाळी परत ठेवली. चोरी नाही ना? थांबा! १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतला एक प्रशिक्षणार्थी परवानगीशिवाय चक्क हार्वर्ड विमान घेऊन उडाला आणि पाकिस्तानात उतरला. ‘चोरायचं नव्हतं’ हा बचाव सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९५७ मध्ये के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात कोर्टानं सांगितलं, की वस्तू कायमची लाटायचा इरादा नसला, तरी अप्रामाणिकपणे थोड्या वेळासाठी नेणंसुद्धा चोरीच. विमानाला हा न्याय, तर ॲक्टिव्हाची काय कथा!

पाच हजारांची लक्ष्मणरेषा

साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं सक्तमजुरी. पण चोरलेला माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्यानं माल किंवा पैसे परत केले, तर? समाजसेवा! १ जुलै २०२४ पासून लागू झालेली ही नवलाई आहे. तुमचं हेल्मेट, साइड मिरर किंवा टाकीतलं पेट्रोल पळवणारा यात बसू शकतो. उद्या चौकात कुणी झाडू मारताना दिसला, तर डोक्यावरचं हेल्मेट ओळखीचं आहे का बघा.

शेजाऱ्याची स्प्लेंडर? तीही वाचवा!

रात्री अडीच वाजता पार्किंगमध्ये खुडबुड. गाडी तुमची नाही, वरच्या मजल्यावरच्या काकांची. तुम्ही मध्ये पडू शकता का? बिनधास्त! बीएनएसचं कलम ३५ आपल्या आणि दुसऱ्याच्याही मालमत्तेच्या बचावाचा हक्क देतं. चोरी, जबरी चोरी, नासधूस आणि गुन्हेगारी हेतूनं केलेली घुसखोरी, चारही बाबतींत. शेपूट घालून पळण्याची सक्ती कायदा करत नाही, हेही सुप्रीम कोर्टानं २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात स्पष्ट केलंय. ओरडा, आडवे या, चोराच्या हातातून गाडी हिसकावून घ्या. काका सकाळी निदान पोहे तरी देतील.

दिवसाचा चोर, रात्रीचा चोर

चोराला ठार मारता येतं का? उत्तर कुठे आणि कधी विचारता त्यावर! इसवी सनापूर्वी साधारण ४५० मध्ये रोमच्या ‘बारा पाट्यां’वर लिहिलं होतं, की रात्रीच्या चोराला मारलं तर चालेल, दिवसाच्या चोराला मात्र त्यानं शस्त्र उगारलं तरच. आजच्या टेक्सासमध्येही रात्रीची चोरी रोखायला काही अटींवर प्राणघातक बळ वापरता येतं.

आणि आपल्याकडे? नुसत्या चोरीसाठी नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही! बीएनएसच्या कलम ४१ मध्ये मोजके प्रसंग आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, घराला किंवा गोदामाला लावलेली आग, आणि आता आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी अशा पद्धतीनं होणारी चोरी. रस्त्यावर लावलेली बाईक कुणी गुपचूप ढकलत नेत असेल, तर तिची किंमत जिवाइतकी नाही. ईएमआय कितीही उरलेले असोत!

चाकू निघाला, कलम पलटलं

आता ट्विस्ट. तोच चोर, तीच बाईक. तुम्ही अडवलंत आणि त्यानं चाकू काढला. त्या सेकंदाला चोरीची ‘जबरी चोरी’ झाली आणि तुमचा हक्क एकदम टॉप गिअरमध्ये गेला! चाकू टाकून तो पळत सुटला? हक्क पुन्हा न्यूट्रलमध्ये. बोनस फॅक्ट: चौघांनी मिळून केली तर जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा. एका मेंबरनं प्रमोशन!

घाबरलेल्या माणसानं किती जोर लावला हे सोनं तोलायच्या तराजूत तोलायचं नसतं, असंही कोर्टांनी वेळोवेळी सांगितलंय. पण तराजू सोन्याचा नाही म्हणजे तराजूच नाही, असं नव्हे. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कलम ३७ कुणालाच देत नाही.

एक दात = सात वर्षं

हाच तो टायटलमधला दात! चोर पकडला, चौघांनी धरला, गाडी परत मिळाली. माल हाती आला, की मालमत्तेच्या बचावाचा तुमचा हक्क तिथंच संपला. त्यानंतर ‘दोन ठेवून’ दिल्या आणि त्याचा दात पडला तर? कायद्याच्या ‘जबर दुखापती’च्या यादीत डोळा, कान, हाड यांच्याबरोबर दातही आहे. मुद्दाम केलेल्या जबर दुखापतीची शिक्षा सात वर्षांपर्यंत. चोराला त्याच्या साध्या चोरीसाठी? तीन वर्षांपर्यंत. म्हणजे बाईक तुमची गेली होती, आता लॉटरीही तुम्हालाच!

सहा तासांचं घड्याळ

तुम्हीसुद्धा अटक करू शकता, माहीत आहे का? तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० साध्या नागरिकालाही तो अधिकार देतं. बाईकचोरी त्यात बसते. पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत आरोपी पोलिसांच्या हवाली करायचा. विजेच्या खांबाला बांधून सकाळपर्यंत रील्स काढत बसाल, तर पुढचा एपिसोड तुमच्यावर. सोपा मार्ग: ११२ फिरवा.

इथं हसू थांबवू

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. बाजारात जमावानं पाच जणांना धरलं आणि ठेचून मारलं. ते भिक्षेकरी होते. चोर नव्हते, काहीच नव्हते. ‘धरा, मारा’ ओरडणाऱ्यानं हे गाव लक्षात ठेवावं.

सापळा लावणाऱ्याचाच सापळा

आपण झोपलो तरी गेट जागं राहावं म्हणून तारेत करंट सोडायचा विचार आहे? तर ऐका. अमेरिकेतल्या आयोवात एका दांपत्यानं ओसाड फार्महाउसमध्ये दाराला बंदूक जोडून ठेवली. जुन्या बाटल्या-बरण्या चोरायला आलेल्याच्या पायात गोळी घुसली. चोराला दंड ५० डॉलर. आणि मालकांनी चोराला द्यायची भरपाई? ३० हजार डॉलर! हा १९७१ चा कॅटको विरुद्ध ब्रायनी खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात.

आपल्याकडची केस बिहारची. शेजारच्या बाई आपल्या संडासात येतात म्हणून एकानं वाटेत उघडी वीजवाहक तार लावली. बाई गेल्या. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा कायम ठेवली: जागा तुमची असली, तरी तिथे शिरणाऱ्याचा जीव तुमचा नाही. गेटला कुलूप लावा, करंट नको.

‘हवा सोडण्यात येईल’

पुण्याच्या गेटागेटावरची ही धमकी वाचली नाही असा मराठी माणूस विरळा. पण नुकसान करायच्या हेतूनं दुसऱ्याच्या वस्तूची किंमत किंवा उपयुक्तता घटवली, तर बीएनएसच्या कलम ३२४ खाली तो गुन्हा ठरतो. टायरमधली हवा गेली, की गाडीची उपयुक्तता किती उरते ते तुम्हीच सांगा! पाटी खुशाल लावा. फक्त तिचं ऐकू नका.

उशिरा घरी येणाऱ्यांसाठी खास

बीएनएसच्या कलम ३६ मधलं हे उदाहरण सेकंड शिफ्टवाल्यांनी फ्रिजवर चिकटवावं. एक माणूस रात्री अशा घरात शिरतो जिथं जाण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आतला माणूस त्याला प्रामाणिकपणे घरफोड्या समजून हल्ला करतो. गैरसमजामुळे हल्लेखोराचा गुन्हा नाही, पण आलेल्यालाही स्वतःच्या बचावाचा पुरेपूर हक्क! दोघंही निर्दोष, दोघांच्याही डोक्याला टेंगूळ. तेव्हा येण्याआधी बाबांना फोन करा.

‘पार्किंग स्वतःच्या जबाबदारीवर’

असा बोर्ड लावला की हॉटेल सुटलं? १९९८ मध्ये दिल्लीतल्या पंचतारांकित ताजमधून पाहुण्याची मारुती झेन गेली. चावी व्हॅलेच्या ताब्यात होती. केस चालली चालली, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हॉटेलला जबाबदार धरलं. गाडी ताब्यात घेतली, म्हणजे नीट सांभाळायची; ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलेली चिठ्ठी दाखवून हात झटकता येत नाहीत. मात्र स्वतःच टपरीसमोर लावलेल्या गाडीला हा नियम लावू नका. टपरीवाला फक्त चहाला जबाबदार.

चावी राहिली, पाव हिस्सा गेला

पत्ता विचारायला ट्रकचालक खाली उतरला, चावी ट्रकलाच राहिली, ट्रक गायब. विमा कंपनी म्हणाली, निष्काळजीपणा, पैसे नाहीत. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मधला रस्ता काढला: ७५ टक्के द्या. म्हणजे दोन मिनिटांच्या आळसाची किंमत २५ टक्के!

गाडी गेलीच, तर पहिलं काम एफआयआर. कुठल्याही ठाण्यात देता येतो, हद्दीचा प्रश्न नाही. ऑनलाइन कळवलंत, तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआर लगेच केला असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे २०२० चा निकाल सांगतो. आणि महाराष्ट्रात ‘ए समरी’ हा शब्द पाठ करा: गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही, असा पोलिसांचा अहवाल. नापास वाटणाऱ्या या ‘ए ग्रेड’वरच विम्याची फाइल पुढे सरकते.

सापडली! पण कुठे?

पोलिस ठाण्याच्या आवारात वेलीखाली गंजणाऱ्या गाड्या पाहिल्यात ना? सापडलेली गाडी आधी ‘मुद्देमाल’ होते, मग तुमची. पण २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, की फोटो काढा, पंचनामा करा, हमी घ्या आणि जप्त माल फार तर पंधरा दिवस ते महिनाभरात मोकळा करा. अर्ज कोर्टात करायचा. लाजू नका, मागा!

आणि आता, स्वतःच्याच बाईकचे चोर!

शेवटचा बॉम्ब. स्वतःची वस्तू चोरता येते, माहीत आहे का? कलम ३०३ चं उदाहरण घड्याळाचं आहे: दुरुस्तीचे पैसे न देता, दुरुस्ती करणाऱ्यानं हक्कानं ठेवून घेतलेलं आपलंच घड्याळ लबाडीनं उचललं, तर चोरी! चोरी ठरते ती वस्तू कुणाच्या ताब्यातून नेली यावर. कागदोपत्री मालक कोण, हा प्रश्न नंतरचा. हाच न्याय गॅरेजमधल्या बाईकला लावून बघा. सर्व्हिसिंगचं बिल न भरता मेकॅनिकची नजर चुकवून स्पेअर चावीनं बाईक पळवलीत, तर आरसीवर नाव तुमचं आणि एफआयआरवरही नाव तुमचंच!

तेव्हा मंडळी, चोराला कुलूप दाखवा, पोलिसांना नंबर सांगा, आणि मेकॅनिकला? जीपे करा, जीपे!